चार गाड्यांचा हक्क

देओलिंदा बेटेनकोर्टच्या मागे त्या गुरुवारी दुपारी अकरा गाड्या लागल्या होत्या. मोजल्या पोलिसानं, तिनं काही मोजल्या नव्हत्या. ती बहिणीकडून घरी परत येत होती. शेजारच्या सीटवर आल्झिरानं दिलेले कोबीचे दोन गड्डे होते, खिडकीची काच चार बोटं खाली होती आणि रेडवुडच्या झाडीतून उतरणाऱ्या दुपदरी रस्त्यावर तिची निळी ब्युइक नेहमीच्या चालीनं चालली होती. ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तिची नेहमीची चाल तीस. वळणावर त्याहूनही कमी.

तिच्या लगेच मागे ओंडके लादलेला एक ट्रक होता, त्याच्यामागे आणखी दोन, मग घोडे नेण्याचा डबा ओढणारी एक पिकअप आणि मग बाकीची जनता. समोरून गाड्या येत होत्या, रस्ता वळणावळणाचा, त्यामुळे पुढे काढायची सोय नव्हती. पुढे रस्त्याच्या कडेला एक रुंद जागा आली. हळू जाणाऱ्यांनी तिथे बाजूला व्हावं आणि मागच्यांना वाट द्यावी, अशी पाटीही होती. देओलिंदानं पाटी वाचली. तेवढ्यात मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा दाबला तो दाबूनच धरला. देओलिंदानं आरशात एकदा बघितलं आणि ती सरळ पुढे गेली.

पुढच्या वळणापलीकडे हायवे पोलिसाची गाडी उभी होती.

पोलीस पोरगेला होता. त्यानं खिडकीत वाकून आधी तिचा चेहरा बघितला, मग कोबी बघितली.

"मॅडम, तुम्हाला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय?"

"डोळ्यांना काही त्रास? चष्मा वगैरे विसरलात का घरी?"

"चष्मा वाचायला लागतो. तुझ्या छातीवरचा बिल्ला इथून दिसतोय मला. वाचून दाखवू?"

"नको, नको. गाडीत काही सांडण्यासारखं आहे का? म्हणजे, तुमच्याकडे फेस्ताच्या जत्रेला सूपचे मोठे हंडे नेतात, तसं काही?"

"कोबी आहे. कोबी कुठे सांडते?"

पोराला पावती फाडायची नव्हती, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. त्याची आजी बहुधा हिच्याच वयाची असेल. कुठलंही एक कारण हातात पडलं असतं तर त्यानं "जपून जा" म्हणून सोडून दिलं असतं. त्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"गाडीत काही बिघाड?"

"गेल्याच महिन्यात तेल बदललंय. झकास चालते."

"मग इतकं हळू का, मॅडम?"

"मला घाई नाही म्हणून."

त्यानं सुस्कारा सोडला आणि पावती फाडली. मागच्या गाड्या तोवर एकामागून एक निघून गेल्या होत्या. पहिल्या ट्रकवाल्यानं जाता जाता पुन्हा एकदा भोंगा दिला.

देओलिंदा अझोरिस द्वीपसमूहातल्या तेर्सेरा बेटावरून लग्न करून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा टिबेरिओ तिच्याच गावचा, पण इकडे फर्नडेल गावी आधीच येऊन जम बसवलेला. जर्सी गाईंचा गोठा, नदीकाठचं कुरण, वर्षातले आठ महिने धुकं. पहाटे तीनला एक दूध आणि दुपारी तीनला दुसरं. या दोन दुधांच्या मध्ये जे काय बसेल तो संसार. लग्न असो, बारसं असो, कुणाची माती असो, टिबेरिओ दारातच घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, "लिंदा, चल, गाई थांबायच्या नाहीत." मग पिकअप सुसाट. एका हातानं चाक आणि दुसऱ्या हातानं सिगारेट. देओलिंदा शेजारी बसून दाराची मूठ घट्ट धरायची. तिनं एकदा म्हटलं होतं, मलाही चालवायला शिकव. तो हसला. "मी जिथे जात नाही अशा कुठल्या ठिकाणी तुला जायचंय?" त्यात दुष्टपणा नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

तो गेला तोही असाच. एका दुपारी चाऱ्याची पोती घेऊन आला, फाटक उघडायला खाली उतरला आणि फाटकापाशीच बसला. देओलिंदा स्वयंपाकघरातून धावत गेली तोवर संपलं होतं. पिकअपचं इंजिन चालू होतं. नवऱ्याचं डोकं मांडीवर आणि कानात ते इंजिन घुरघुरतंय. ते तिला सोसवेना. ती उठून गाडीत चढली, चावीला हात घातला, आणि चावी कुठल्या बाजूला फिरवायची हेच तिला कळेना. इतकी वर्षं त्या गाडीत बसली होती. शेवटी शेजारचा माणूस आला, त्यानं बंद केलं.

गाई विकल्या. सहा महिने काळा पोशाख घालून ती घरात बसली. सातव्या महिन्यात रस्त्यापलीकडच्या इंगा रासमुसेनकडे गेली. इंगा डेन्मार्कवाल्यांच्यातली, जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. देओलिंदा तिला म्हणाली, "मला शिकव. पण घाई करायची नाही." इंगानं शिकवलं. साठीला टेकलेली बाई पहिल्याच फेरीत परीक्षा पास झाली. पिकअप विकून तिनं निळी ब्युइक घेतली आणि दर गुरुवारी डोंगरात बहिणीकडे जायला लागली. पहिल्याच महिन्यात तिला कळलं की या रस्त्यावर एक ओढा आहे, ओढ्यात बगळे असतात, आणि एका जुन्या धान्याच्या कोठारावर कुणीतरी भलामोठा कोंबडा रंगवलाय. टिबेरिओच्या पिकअपमधून हे सगळं एक हिरवी रेघ होती नुसती.

पावतीची बातमी तिच्याआधी गावात पोचली. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून मुलगा गिलबर्ट आणि सून शार्लीन घरी आले. गिलबर्ट विमा विकायचा. त्यानं कोटसुद्धा काढला नाही.

"आई, चावी दे."

"कुठे जायचंय तुला?"

"मला नाही जायचं. तुला जायचं नाहीये आता. पुरे झालं. मी दिवसभर लोकांना सुरक्षित गाडी चालवा म्हणून सांगतो आणि माझ्याच आईला पोलीस पकडतो. गावात काय म्हणतात ठाऊक आहे का? बेटेनकोर्टबाईंची मिरवणूक निघाली म्हणतात."

"मिरवणूक आहे तर फुलं टाका म्हणावं."

शार्लीनला हसू आलं. तिनं ते कॉफीच्या कपात लपवलं.

"हसू नकोस गं तू," गिलबर्ट तिच्यावर घसरला. मग खुर्ची ओढून आईसमोर बसला आणि आवाज मऊ केला. गिऱ्हाइकाला पटवायचा त्याचा आवाज होता तो. "हे बघ. मी कोर्टाला लिहून देतो. त्या दिवशी तुला चक्कर आली होती. डॉक्टर आपल्या ओळखीचा आहे, तो चिठ्ठी देईल. तू गाडी सोडतेयस म्हटलं की तेही सोडून देतील. गुरुवारी तुला आल्झिरामावशीकडे मी नेईन."

"तू नेशील?"

"नेईन ना. म्हणजे, जमेल तेव्हा. दुपारी एकाआधी परत यायला हवं, एवढंच."

देओलिंदानं त्याच्याकडे बघितलं. बापाचं नाक, बापाचे कान, आणि हातातल्या घड्याळावर जाणारी नजरही बापाचीच.

"मला चक्कर आली नव्हती," ती म्हणाली.

"आई, नुसतं म्हणायचंय!"

"आली नव्हती. मी खोटं लिहून देणार नाही. मी म्हातारी आहे म्हणूनही लिहून देणार नाही. दुसरं काय करता येतं?"

"दुसरं?" गिलबर्ट वैतागला. "दुसरं म्हणजे दंड भर आणि ट्रॅफिक स्कूलला जा. मग पावती तुझ्या नावावर लागत नाही. पण ते शनिवारी युरेकाला भरतं. सबंध दिवस, आठ तास बाकावर बसायचं. आठच्या ठोक्याला दार बंद करतात, एक मिनिट उशीर झाला तर घरी पाठवतात. सगळी वीस-वीस वर्षांची मवाली पोरं असतात तिथे. जमणार आहे तुला?"

हे त्यानं घाबरवायला सांगितलं होतं.

"युरेकात कुठे?" देओलिंदानं विचारलं.

शनिवारी ती भल्या पहाटे निघाली. उठायचा तिला कधी त्रास नव्हता. गाई गेल्या तरी डोळा तीनलाच उघडायचा. नदीवरच्या पुलावर दाट धुकं होतं. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं. युरेकाला पोचली तेव्हा शाळेचं दारही उघडलं नव्हतं.

शाळा म्हणजे एका पिझ्झाच्या दुकानाची मागची खोली. छताला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या पताका तशाच लोंबत होत्या आणि भिंतींना टोमॅटोच्या रश्शाचा वास मुरलेला होता. तीसेक माणसं जमली. सगळ्यांची तोंडं अशी, की जणू दात काढायला आलेत. शिकवणारा बॅरी पेल्की कधीकाळी हॉटेलांतून विनोद सांगायचा. ते चाललं नाही म्हणून इकडे आला. सरकारमान्य अभ्यासक्रम तो हसत-खेळत शिकवतो, असं दारावर लिहिलं होतं.

"गुन्हेगारांनो, सुप्रभात!" बॅरी ओरडला. कुणी हसलं नाही. "बरं. आधी ओळखी. नाव सांगा, गुन्हा सांगा आणि किती वेगानं केलात ते सांगा. ज्याचा आकडा मोठा त्याला जेवताना शीतपेय माझ्याकडून."

मग आकडे सुरू झाले. कॉलेजातली एक मुलगी नव्वद म्हणाली, तिला टाळ्या पडल्या. एक दातांचा डॉक्टर लाल दिवा तोडून आला होता, तो आकडा सांगेना. तिसऱ्या रांगेत लाल दाढीवाला एक दांडगा माणूस हाताची घडी घालून बसला होता.

"डॅरेल मॅकनट," तो म्हणाला. "पस्तीसच्या रस्त्यावर साठ. ट्रक नव्हता, माझी स्वतःची पिकअप. ट्रकवर मी कधी पावती घेतलेली नाही."

"कसली एवढी घाई होती, डॅरेल?"

"पोरीची मॅच होती. कामावरून सुटायला उशीर झाला होता." त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण त्यानं ते गिळलं.

शेवटी देओलिंदाची पाळी आली. ती उभी राहिली. इतर कुणी उभं राहिलं नव्हतं.

"देओलिंदा बेटेनकोर्ट. तीस."

"तीस?" बॅरीनं कानाला हात लावला. "शाळेसमोर? पंचवीसच्या रस्त्यावर?"

"पंचावन्नच्या. मी हळू चालवते म्हणून पकडलं."

खोलीत जो हशा पिकला तो बॅरीला सकाळपासून एकदाही मिळाला नव्हता. कॉलेजच्या मुलीनं टेबलावर डोकं ठेवलं. बॅरीला असली संधी सोडवेना. "मॅडम, तुम्हाला ओलांडून काय गेलं? गोगलगाय? दिंडीबिंडी निघाली होती का?" देओलिंदा उभीच. ती हसली नाही, रागावलीही नाही. हशा ओसरायची वाट बघत राहिली. तिच्या लेखी तिथेही घाई नव्हती.

हशा ओसरला तेव्हा डॅरेल मॅकनट उभा होता.

"निळी ब्युइक," तो म्हणाला. "छत्तीस नंबरचा रस्ता, गुरुवार. तूच ती! बाई, गेले वर्षभर दर गुरुवारी तुझी ती निळी मागची बाजू बघतोय मी. माझ्या बायकोचं तोंड इतकं बघितलं नसेल!"

"तो भोंगा तुझा होता?" देओलिंदानं विचारलं.

"माझाच! मग काय आरती ओवाळू? वजनकाट्यावर मला उशीर झाला, ट्रक लावायला उशीर झाला, म्हणून मग मी पिकअप हाणली आणि म्हणून मला पावती मिळाली. माझी पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा बॉल टाकणार होती. मी पोचलो तेव्हा लोक खुर्च्या गोळा करत होते. तुझ्यामुळे!"

बॅरीनं हात वर केले, "मंडळी, मंडळी," म्हणाला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"कडेला जागा होती," डॅरेल म्हणाला. "पाटी होती. एवढी मोठी. दिसली नाही का तुला?"

इथे देओलिंदाला सहज म्हणता आलं असतं की नाही दिसली. सगळ्यांनी मान डोलावली असती.

"दिसली," ती म्हणाली. "वळणारच होते. सिग्नलच्या दांडीवर हात ठेवला होता मी. तेवढ्यात तू ठणाणा सुरू केलास. मग म्हटलं, आता बस मागे."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम."

"अगं पण, का?"

"जन्मभर मला मागून कुणीतरी हाकलतंय, म्हणून. आधी बापानं, मग नवऱ्यानं, मग गाईंनी. आता चाक माझ्या हातात आहे. कुणी नीट विचारलं तर वाट देईन. हाकललं तर नाही देणार."

मागच्या बाकावरून एक बाई "बरोबर आहे!" म्हणाली आणि तिच्या शेजारचा तिच्यावर खेकसला, "काय बरोबर? आणि आम्ही काय तिथेच मुक्काम करायचा?" मग सगळेच बोलायला लागले. अर्धी खोली डॅरेलची, अर्धी देओलिंदाची. बॅरीनं शेवटी शिट्टी फुंकली आणि ब्रेक लागायला गाडीला किती अंतर लागतं याचा तक्ता भिंतीवर टांगला.

दुपारी बाकीच्यांनी पिझ्झा मागवला. देओलिंदानं घरून गोड पाव आणि लिंग्विसा सॉसेजचे तुकडे आणले होते. ती कोपऱ्यातल्या टेबलावर रुमाल पसरून जेवायला बसली. थोड्या वेळानं डॅरेल आपली थाळी घेऊन समोर येऊन बसला. का बसला ते त्यालाही सांगता आलं नसतं. भांडण अर्धवट राहिलं होतं बहुतेक.

"मला फेरीवर पैसे मिळतात," तो म्हणाला. "तासावर नाही. तू हळू गेलीस की माझ्या घरात कमी येतं. हे तुला कळावं म्हणून सांगतो."

"कळतं. माझा नवरा पण असाच जगला. फेरी, फेरी, फेरी."

"मग?"

"मग काही नाही. मेला."

डॅरेलनं पिझ्झाचा घास चावला.

"मुलीचं नाव काय?" देओलिंदानं विचारलं.

"केसी."

"तिला सांग, तुझ्या बापाला माझ्यामुळे उशीर झाला. नाव सांग माझं, लपवू नकोस. त्याचं मला वाईट वाटतं." तिनं सुरीनं लिंग्विसाचा तुकडा कापला. "पण भोंग्याचं तूच सांग. ते मी नव्हतं सांगितलं वाजवायला."

"तू माफी मागतेयस की भांडतेयस?"

"दोन्ही. खा, थंड होतंय."

दुपारच्या सत्रात पोटं भरलेली असल्यानं निम्मी खोली पेंगत होती. बॅरी एकेक नियम वाचत होता आणि प्रत्येक नियमाला एक जुना विनोद चिकटवत होता. दुपदरी रस्त्याचे नियम आले तेव्हा त्यानं देओलिंदाकडे बघून घसा खाकरला. "आता हे खास आपल्या गोगलगायीसाठी. दुपदरी रस्त्यावर तुम्ही हळू चालला असाल, ओलांडायची सोय नसेल आणि तुमच्यामागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या असतील, तर कडेला जागा मिळेल तिथे वळून वाट दिलीच पाहिजे. कायदा आहे. कळलं, मॅडम?"

देओलिंदानं हात वर केला.

"पाच?"

"पाच किंवा जास्त."

"आणि चार असल्या तर?"

बॅरीनं पुस्तकात बघितलं. मग पुन्हा बघितलं. "चार असल्या तर… म्हणजे, सभ्यपणा म्हणून…"

"सभ्यपणाचं नंतर बघू. कायदा काय म्हणतो?"

"चाराबद्दल कायदा काही म्हणत नाही."

"म्हणजे चार गाड्या माझ्यामागे राहिल्या आणि मी माझ्या चालीनं गेले, तर या नियमाखाली कुणी मला पावती देणार नाही?"

"या नियमाखाली… नाही," बॅरी नाइलाजानं म्हणाला. पेंगणारे जागे झाले होते.

"फळ्यावर लिहा," देओलिंदा म्हणाली.

"मॅडम, त्याची काही गरज—"

"मी पैसे भरून शिकायला आलेय. लिहा."

बॅरीनं लिहिलं. पाच, वळा. मग तो जरा थांबला आणि त्याच्या खाली लिहिलं, चार, तुमची मर्जी. तिसऱ्या रांगेतून डॅरेल मॅकनटनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा," तो मोठ्यानं म्हणाला, "हिला हे कशाला शिकवलंत!"

संध्याकाळी सुटायच्या आधी बॅरीची एक पद्धत होती. प्रत्येकानं उभं राहून, आपण काय चुकलो आणि आता कसे सुधारणार, ते मोठ्यानं सांगायचं. कॉलेजची मुलगी म्हणाली, मी चुकले, आता हळू चालवीन. डॉक्टर म्हणाला, मी चुकलो, दिवा बघीन. डॅरेल पुटपुटला, चुकलो, लवकर निघेन. सगळ्यांचा सूर सारखाच होता. सगळ्यांना घरी जायचं होतं.

"देओलिंदा?"

"पाचव्याला वाट दिली नाही, ते चुकलं," ती म्हणाली. "यापुढे आरशात बघीन. पाच झाल्या की वळेन. हळू चालवलं ते चुकलं नाही. ते मी म्हणणार नाही."

"मॅडम, सगळे थांबलेत. नुसतं म्हणा की थोडा वेग वाढवीन."

"वाढवणार नाही."

सबंध दिवस बॅरी पेल्कीला कुणी इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं. परीक्षेच्या कागदावर तिच्या सगळ्या उत्तरांना बरोबरची खूण होती. प्रमाणपत्र अडवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्यानं सही करून ते तिच्या हातात दिलं. "रस्त्यावर मी तुमच्या मागे येऊ नये एवढीच प्रार्थना," तो म्हणाला. हा त्याचा दिवसातला एकमेव विनोद, ज्याला देओलिंदा हसली.

घराच्या फाटकात गिलबर्ट उभा होता. अंधार पडत आला होता.

"किती उशीर! मी पोलिसांना फोन करणार होतो."

"मी हळू येते, माहीत नाही का तुला?"

"पास झालीस?"

"झाले."

"बरं. मग आता शांतपणे ऐक. पावती मिटली, तुझा मान राहिला. आता चावी मला दे. चांगल्या मनानं."

देओलिंदानं पर्स उघडली, प्रमाणपत्र काढून त्याच्या हातात ठेवलं आणि पर्स खटकन बंद केली.

"हे घे," ती म्हणाली. "तुझ्या ऑफिसात लाव. लोकांना सांग, माझ्या आईला कायदा पाठ आहे."

तिनं शब्द पाळला. पुढच्या गुरुवारपासून ती आरशात बघायला लागली. पाचवी गाडी लागली की सिग्नल देऊन पहिल्या रुंद जागेत वळायची, हात बाहेर काढून सगळ्यांना पुढे घालवायची आणि मग पुन्हा तीसनं चालू लागायची. चार असल्या तर मात्र रस्ता तिचा. ट्रकवाल्यांना हे डॅरेलकडूनच कळलं असणार, कारण महिन्याभरात त्यांच्या वायरलेसवर गुरुवारी दुपारी एक नवीनच गोंधळ सुरू झाला. "निळी ब्युइक, कार्लोटा गावाच्या वर. मागे तिघं आहोत." "मी चौथा आलो, पाचवा कोण आहे? अरे, कुणीतरी पाचवं या रे!" ओढ्यापाशी निवांत डबा खात बसलेला एखादा ट्रकवालाही मग हाका ऐकून डबा मिटायचा आणि पाचवा व्हायला निघायचा. भोंगा मात्र कुणी वाजवत नव्हतं. वाजवला तर पाच काय, पंधरा झाले तरी म्हातारी वळेल की नाही, याची डॅरेलनं कुणालाच खात्री दिली नव्हती.

एका गुरुवारी गिलबर्ट तिच्या मागे सापडला. गिऱ्हाइकाकडून येत होता, पुढच्या गिऱ्हाइकाला वेळ दिलेली होती. तिच्यामागे पहिला दुधाचा टँकर, मग दोन ट्रक आणि चौथा तो. त्यानं दिवे लुकलुकवले, खिडकीतून हात हलवला. आरशात देओलिंदाला मुलाची गाडी ओळखू आली, हातही ओळखू आला. तिनं मोजलं. रुंद जागा आली आणि गेली. संध्याकाळी तो तणतणत घरी आला तेव्हा ती कोबी चिरत होती.

"आई, मी होतो! पोटचा पोरगा!"

"बघितलं की. चौथा होतास."

"पोटच्या पोरालाही वाट देणार नाहीस?"

"तू पाचवा ये, देते," ती म्हणाली. "बस आता. सूप होतंय. अजून तासभर लागेल."

गिलबर्टनं घड्याळ बघितलं. मग शार्लीनला फोन करून सांगितलं की मी इथेच जेवतो.

त्यानंतर नऊ वर्षं देओलिंदानं गाडी चालवली. लायसन्स दोनदा नवीन करून घेतलं, दोन्ही वेळा डोळ्यांची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास. आल्झिराला गुडघ्यांनी जखडलं तेव्हा गुरुवारी तिला गाडीत घालून कुठे कुठे फिरवायची जबाबदारीही तिनं घेतली. फर्नडेलपासून समुद्र पाच मैलांवर. इतकी वर्षं त्या भागात राहून दोघी बहिणींनी तो बोटांवर मोजण्याइतक्या वेळा बघितला होता, कारण सूर्य बुडायच्या वेळेला गोठ्यात काम असायचं. एका गुरुवारी त्या निघाल्या तेव्हा धुकं फाटून पश्चिम लाल झाली होती. रस्ता अरुंद, टेकडीवर चढणारा. मागे एक पिकअप.

"देओलिंदा, जरा दाब ना," आल्झिरा म्हणाली. "आपण पोचेपर्यंत बुडेल तो."

"बुडू दे. इथूनही दिसतोय."

"अगं, पण तो मागचा—"

"एकच आहे," देओलिंदा म्हणाली आणि तिनं आपल्या बाजूची काच आणखी खाली केली.